भोपळा जपानी बोलतो तेव्हा: उत्तर नागपुरातल्या एका शाळेच्या भाषावर्गाबद्दल

माझा नातू पाचवीत आहे. त्याच्या शाळेत मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर, जपानी भाषेचा वर्ग भरतो. पन्नास मिनिटं. फी महिन्याला ९०० रुपये. अठरा मुलं, बहुतेक पाचवी-सहावीची. इंदोरा, जरीपटका, नारी रोड या भागातले पालक मला सारखं विचारतात की या वर्गाला मूल घालावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. शाळेचं आणि शिक्षिकेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत आणि वर्गातल्या लेकरांची ओळख उघड करायची माझी इच्छा नाही.

मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. सुरुवात काटोल तालुक्यात, मग नोकरीतला मोठा काळ रामटेक तालुक्यात देवलापारकडे. तिकडच्या कितीतरी मुलांच्या घरी गोंडी बोलत. पहिलीच्या पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी परकीच भाषा होती, आणि ती त्यांना व्याकरण सांगून कधीच आली नाही. गोष्ट सांगितली, हातवारे केले, ‘मग कोल्हा काय म्हणाला?’ असं विचारलं की आली. परकी भाषा लेकराच्या तोंडात कशी बसते, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. नातवाला घ्यायला मी जरा लवकर जाते आणि ताईंच्या परवानगीनं मागच्या बाकावर बसते. खाली लिहिलंय ते तिथून पाहिलेलं आहे.

मुलं ताईंना ‘सेन्सेई’ म्हणतात, म्हणजे गुरुजी किंवा बाई. वर्गाची सुरुवात एका लाकडी चौकटीनं होते. छोट्या खिडकीएवढी चौकट, तिला दोन झडपा. आत जाड कागदावरची चित्रं एकामागे एक लावलेली. ताई चौकटीच्या बाजूला उभ्या राहतात, एक चित्र हळूच सरकवून बाहेर काढतात, की मागचं दिसायला लागतं. याला जपानीत कामिशिबाई म्हणतात, म्हणजे कागदी नाटक. १९३०च्या सुमारास टोकियोच्या गल्ल्यांत हे फार चालायचं. सायकलवर चौकट बांधून माणूस यायचा, लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पोरं गोळा करायचा, गोळ्या विकायचा आणि गोष्ट सांगायचा. १९५०च्या दशकात टीव्ही आला आणि तो धंदा बसला, पण तिकडच्या शाळा आणि वाचनालयांनी कामिशिबाई टिकवून ठेवली. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रं दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात, ती चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही चौकट मुळीच परकी वाटणार नाही.

पहिले काही आठवडे मोमोतारोची गोष्ट होती. नदीवर धुणं धुणाऱ्या म्हातारीला वाहत आलेलं एक भलंमोठं पीच फळ सापडतं, त्यातून मुलगा निघतो, मोठा होऊन राक्षसांच्या बेटावर जातो. वाटेत आधी कुत्रा भेटतो, मग माकड, मग फेजंट पक्षी. तिघंही त्याच्याकडचे किबिदांगो मागतात, म्हणजे भरडधान्याचे छोटे लाडू, आणि लाडू खाऊन त्याच्यासोबत निघतात. आता बघा, एकच संवाद तीन वेळा येतो. पहिल्यांदा मुलं ऐकतात, दुसऱ्यांदा ओठ हलवतात, आणि फेजंटची पाळी येईपर्यंत ताईंना बोलायची गरजच उरत नाही. आपल्या ‘चिऊताई चिऊताई दार उघड’मध्ये नेमकं हेच आहे. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला काजळ लावते. जगभरच्या आज्यांनी गोष्टी अशाच रचल्या, कारण ऐकणारं मूल तेव्हा भाषाच शिकत असतं.

पीच वाहत येतं तेव्हाचा आवाज जपानीत ‘दोंबुराको, दोंबुराको’. अठरा पोरं हात हलवत एका सुरात दोंबुराको म्हणतात तेव्हा खिडकीतून शाळेचे शिपाईदादासुद्धा डोकावतात.

पण नुसती गोष्ट सांगितली म्हणून मी या वर्गाचं एवढं कौतुक केलं नसतं. गोष्ट सांगणारे बरेच असतात. इथे ताई गोष्ट विचारतात.

पावसाळ्यातल्या एका वर्गात पाहिलेलं सांगते. फळ्यावर जपानी शब्द फक्त चार, त्यांच्यासमोर मराठी अर्थ: म्हातारी, भोपळा, वाघ, जाते. गोष्ट आपलीच, लेकीकडे निघालेल्या म्हातारीची. ताईंनी जपानीत विचारलं, म्हातारी भोपळ्यात आहे का? हो. वाघ भोपळ्यात आहे का? नाही! मग भोपळ्यात कोण आहे, वाघ की म्हातारी? म्हातारी कुठे जाते? इथे ताई थांबल्या, कारण याचं उत्तर त्यांनी ठरवलेलंच नव्हतं. एक मुलगी म्हणाली खापरी. झालं, लेक खापरीला राहते. कशानं जाते? मेट्रोनं. भोपळा इंदोरा चौकात मेट्रोत बसला. वाघ कुठे चढला? कस्तुरचंद पार्क. वाघ कुठला? ताडोब्याचा, असं चार जण ओरडले आणि पेंचचा असं बाकीचे. त्यावर हात वर करून मतदान झालं, आणि मोजणीही जपानीतच झाली. शेवटी पेंचचा वाघ जिंकला.

आणि वाघ म्हणतो ‘ताबेताई!’, खायचंय मला. म्हातारी म्हणते ‘मात्ते कुदासाई’, जरा थांबा. भोपळा निघतो ‘कोरोकोरो, कोरोकोरो’, आपला टुणुक टुणुक. प्रत्येक स्टेशनावर वाघ तेच मागतो, म्हातारी तेच सांगते. पन्नास मिनिटांत ही दोन वाक्यं प्रत्येक मुलाच्या कानावरून इतक्या वेळा गेली की पाठ करायला म्हणून कुणाला काही द्यावंच लागलं नाही. घरी आल्यावर नातू जेवायच्या ताटावर बसून ‘ताबेताई’ म्हणाला, आणि त्याच्या आईनं पोळी तव्यावरून काढता काढता ‘मात्ते कुदासाई’ म्हटलं. तिला कुणीच शिकवलं नव्हतं. त्याच्याकडून ऐकून ऐकून आलं.

या पद्धतीला अमेरिकेत टीपीआरएस म्हणतात. कॅलिफोर्नियातले स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी ती पुढे आणली. त्यांच्याही आधी, १९६०च्या दशकात, जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानं ऐकायचं आणि त्याप्रमाणे शरीरानं कृती करायची असे प्रयोग केले होते. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांतली एक भाषा जपानीच होती. नंतर स्टीफन क्रॅशन यांनी मांडलं की भाषा नियम घोकून येत नाही, समजेल असं भरपूर ऐकून येते, आणि सुरुवातीला मूल गप्प राहिलं तर त्याला गप्प राहू द्यावं. हे सगळं मला ताईंनी सांगितलं, मग मी मुलाकडून मोबाईलवर शोधून घेऊन वाचलं. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात गोष्टीला मानाचं पान दिलं, ते आमच्या पिढीच्या शिक्षकांना डी.एड.ला शिकवलं होतं. पुढे तपासणी, निकाल आणि अहवालांच्या रेट्यात वर्गातली गोष्ट मागे पडली, याची मला आजही हळहळ वाटते.

गप्प राहू देण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पालक इथेच घाई करतात. वर्गात जरीपटक्याची एक सिंधी मुलगी आहे. जून संपताना आली, आणि पोळ्यापर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. ताई तिला हो-नाहीचे प्रश्न विचारत, ती मान हलवायची, ताई पुढे जायच्या. ‘बोल ना, सगळे बोलतात’ असं एकदाही म्हटलं नाही. तान्हा पोळा झाल्यावरच्या वर्गात लाकडी नंदीबैलांची गोष्ट चालली होती. बैलाचा रंग कोणता, असं विचारल्यावर त्या पोरीनं ‘आओ’ म्हणजे निळा असं उत्तर दिलं आणि वर त्याचं कारणही सांगितलं, पूर्ण वाक्यात, शेवटी ‘देसु’ म्हणजे ‘आहे’ लावून. मी इतकी वर्षं मुलं शिकवली, पण माझे डोळे भरून आले. असं धीर धरणारं माणूस शिक्षक म्हणून लाभणं ९०० रुपयांत मोजता येत नाही.

आपल्या लेकरांना ही भाषा वाटते तितकी अवघड जात नाही, हे मला नवं होतं. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. मी, संत्रं, खाते, याच क्रमानं वाक्य होतं, आणि आपण जसे शब्दाला प्रत्यय लावतो तसे तिथे वा, गा, ओ, नी असे छोटे तुकडे शब्दामागे येतात. इंग्रजीत वाक्याची उलटापालट करताना जी दमछाक होते ती इथे नाही. ‘त्सु’ हा उच्चारही मराठी मुलांच्या तोंडी सहज येतो, कारण चाकातला ‘च’ आपल्याकडे आहेच. लिंगाची भानगड तर अजिबात नाही.

आता तक्रारी.

पहिली लिपीची. पूर्ण पहिलं सत्र मुलं जपानी शब्द वहीत देवनागरीत लिहितात. ताईंचं म्हणणं असं की आधी कान तयार होऊ दे. ते मला पटतं, पण अर्धंच. जपानीत स्वर किती लांबवला यावर अर्थ फिरतो. आजी म्हणजे ‘ओबाआसान’ आणि मावशी-काकू म्हणजे ‘ओबासान’, फरक फक्त त्या लांब ‘आ’चा. अर्ध्या वह्यांत दोन्ही शब्द सारखेच लिहिलेले मी पाहिले. हिरागाना ही जपानीतली पहिली शिकायची लिपी, तिची मूळ अक्षरं ४६ आहेत. आपल्या बाराखडीनं दमवलेल्या मुलांना ती काहीच नाहीत. रोज दोन जरी दाखवली तरी दिवाळीच्या सुटीपर्यंत होतील, आणि मुलांना गुप्त लिपी मिळाल्यासारखा आनंद होईल. जपानीत पुढे काताकाना ही दुसरी लिपी आहे, नेहमीच्या वापरातल्या २१३६ कांजी म्हणजे चिनी चित्राक्षरं आहेत, त्यांची आत्ता चिंता करू नये. पण हिरागाना लवकर हवी. मी हे ताईंना सांगितलं, त्यांनी मन लावून ऐकलं, आणि दुसऱ्या सत्रात कामिशिबाईच्या प्रत्येक चित्राखाली हिरागानातलं एकेक वाक्य दिसायला लागलं. तरी माझ्या मते सुरुवात आणखी आधी व्हायला पाहिजे.

दुसरी तक्रार शाळेच्या पत्रकाची. त्यात छापलंय की हा वर्ग जेएलपीटीच्या एन-५ परीक्षेची तयारी करून घेतो. ते काढून टाका, असं मी शाळेला लेखी दिलं आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेची जगभर मान्य असलेली परीक्षा, एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्यांची, एन-५ सगळ्यांत सोपी. पण त्या परीक्षेत बोलायला लावतच नाहीत. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं, एवढंच, तेही पर्याय निवडून. म्हणजे हा वर्ग जे उत्तम शिकवतो त्यातलं बोलणं तिथे मोजलंच जात नाही, आणि जे मोजतात त्यातलं वाचन इथे सध्या कमी आहे. पत्रक वाचून एका पालकांनी मुलीला या वर्गात घातलं, आणि आता ‘कांजी काऊन शिकवत नाही?’ म्हणून ते ताईंवर नाराज आहेत. त्यांचं चुकलं नाही. चुकलं ते पत्रक.

तिसरी तक्रार स्नेहसंमेलनाची. डिसेंबरात शाळेला पाहुण्यांपुढे जपानी दाखवायचं होतं, म्हणून सहा मुलांना भाषण घोकायला लावलं. गोष्टीचे वर्ग तेवढे आठवडे बंद. जी मुलं वाघाशी मेट्रोत भांडत होती तीच मुलं हात मागे बांधून, डोळे छताला लावून, अर्थ न कळणारी वाक्यं म्हणत होती. मला ते बघवलं नाही. स्टेजवर तोच भोपळा आणला असता, पाहुण्यांनाच विचारलं असतं की वाघ कुठला हवा, तर सगळं सभागृह जपानीत मोजायला लागलं असतं.

६५० रुपयांची एक रंगीत कार्यपुस्तिका शाळेनं सक्तीनं घ्यायला लावली, ती कोरीच आहे. ती घेऊ नका, किंवा निदान विचारा की वापरणार कधी.

आता मूळ प्रश्न, मुलाला जपानी येतं का. घरात ‘ताबेताई’ म्हणणं वेगळं आणि अनोळखी माणसाशी बोलणं वेगळं. आमच्या नागपुरात त्याची परीक्षा घ्यायची सोय आहे. बौद्ध भिक्खू भदंत सुरेई ससाई हे मूळचे जपानचे, पण त्यांची कर्मभूमी नागपूर, आणि आमच्या इंदोऱ्यात लहान पोरांनाही ते माहीत असतात. वर्गात नाव घातलं तेव्हा नातवानं मला पहिला प्रश्न हाच विचारला होता, ‘आजी, भंतेजींची भाषा का?’ कामठीचं ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली उभं राहिलं तेही जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जपानी पाहुणे दिसतात. यंदा आम्ही गेलो तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलजवळ एक वयस्कर जपानी बाई उभ्या होत्या. नातू स्वतःहून पुढे गेला आणि कमरेत वाकून ‘कोन्निचिवा’ म्हणाला.

बाईंनी त्याला नाव विचारलं, त्यानं सांगितलं. वय विचारलं, ‘जुस्साई देसु’ म्हणाला. माझ्याकडे हात करून ‘बोकु नो ओबाआसान देसु’ म्हणून माझी ओळख करून दिली, तो लांब ‘आ’ नीट लांबवून. मग त्या बाई भराभर काहीतरी बोलल्या आणि ते त्याला काही केल्या कळेना. मी काळजीत पडले. त्यानं न घाबरता एक बोट वर केलं आणि म्हणाला, ‘मो इचिदो ओनेगाईशिमासु’, पुन्हा एकदा सांगा. वर्गात हा नियमच आहे. ताई कळेनाशा झाल्या तर बोट वर करून त्यांना थांबवायचं, आणि ताईंनी न रागावता पुन्हा, सावकाश सांगायचं. त्या बाईंनीही तसंच सांगितलं. त्यांना विचारायचं होतं की तुला कोणतं फळ आवडतं. ‘मिकान!’ हा म्हणाला. मिकान म्हणजे त्यांच्याकडचं संत्रं, आपल्या संत्र्यासारखंच, हातानं सोलता येणारं. बाई हसून पुढे काहीतरी बोलल्या, ते मात्र आम्हा दोघांनाही समजलं नाही.

भाषा येण्याचं माझं माप हेच आहे. शब्द किती आले, यापेक्षा अडलं तेव्हा संभाषण सोडून न देता ते पुढे नेता आलं का. पाचवीच्या पोराला ते आलं. मी ज्या मुलांना प्रमाण मराठी शिकवली त्यांच्यातली कितीतरी हुशार मुलं फक्त ‘पुन्हा सांगा’ म्हणायला भीत होती, म्हणून मागे राहिली.

केंद्राच्या २०२०च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परकीय भाषांची नावं दिली आहेत, त्यांत जपानीही आहे. पुढे अनेक शाळा असे वर्ग उघडतील, आणि बरेचसे वर्ग शब्दांची यादी आणि रूपं घोकवणारे निघतील, ही मला धास्ती आहे. तेव्हा फी भरण्याआधी एकच करा. एक वर्ग मागे बसून पाहा आणि लक्ष द्या की मुलांना असा प्रश्न विचारला जातो का, ज्याचं उत्तर शिक्षकाला आधी माहीत नाही.

या वर्गाबद्दल माझं मत असं: नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला, परीक्षेची घाई नसेल तर, जरूर घाला. आठवी-नववीच्या मुलाला प्रमाणपत्र हवं असेल तर हा वर्ग त्यासाठी नाही. तुकडी अठराच्या वर नेऊ नका, असं पालकसभेत ठासून सांगा, कारण पुढच्या वर्षी तीस करायचं चाललंय आणि तीस मुलांत त्या सिंधी मुलीसारखं मूल हरवेल. ताई एकाच दिवशी तीन शाळांत शिकवतात, घसा बसलेला असतो, त्यांचं मानधन वाढवायलाही माझा पाठिंबा आहे, फी शंभर रुपयांनी वाढली तरी चालेल.

नवी तुकडी शाळा उघडल्यावर, म्हणजे आपल्या विदर्भात जूनच्या शेवटी, सुरू होते. पहिले दोन वर्ग फी न भरता बसता येतं. ऑफिसात विचारलं तर सांगतात, आपण होऊन सांगत नाहीत.